कराडचा वाडा: बांधकाम परवानगीच्या फाईलच्या नोंदी

८ मे २०२३

वाड्याची मागची भिंत आता परक्या माणसालाही कळेल इतकी फुगली आहे. पांढऱ्या मातीची, दोन हात रुंदीची भिंत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तिला पहिली भेग गेली, असं बाबा सांगतात. दर पावसाळ्याआधी चुना-सिमेंट भरून दिवस काढले. आता मात्र इंजिनियरनी टेकू लावून त्या बाजूच्या दोन्ही खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. घरात ठरलं: वाडा उतरवायचा आणि त्याच जागी रीतसर परवानगी घेऊन नवीन बांधायचा. कागदांचं काम माझ्याकडे.

इंजिनियरचा पहिला सल्ला मला पटला. नकाशाची घाई नको. आधी मालकी, मग मोजणी, आणि या दोन्हींतून जे क्षेत्र आणि जी नावं येतील त्यांवर नकाशा. उलट्या क्रमाने गेलं की नकाशा पुन्हा काढावा लागतो आणि फाईल छाननीत अडकते.

आज डिजिटल स्वाक्षरीची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, ऑनलाइन काढली. धारक म्हणून अजून आजोबाच आहेत. ते १९९४ साली गेले. म्हणजे एवढी वर्षं आम्ही घरपट्टी भरली, कौलं शाकारली, गणपती बसवले, आणि कागदावर घर त्यांच्याच नावावर राहिलं.

१५ मे

वंशावळ लिहायला बसले. आजी आजोबांच्या आधी गेली, त्यामुळे चार वारस: बाबा, काका, मोठी आत्या, धाकटी आत्या. काका गेले, त्यांच्या जागी काकू आणि अमेरिकेतला दादा. धाकटी आत्या २०१६ साली पुण्यात गेली, तिच्या जागी आतोबा, आतेभाऊ आणि आतेबहीण. एकूण सात नावं.

एका जाणत्या गृहस्थांनी सुचवलं, "बहिणींची नावं कशाला घालता? वंशावळीत फक्त मुलगे दाखवा. सह्या कमी, काम लवकर." दुसऱ्याने हक्कसोड पत्राचा मार्ग सांगितला. बाबांनी ऐकून घेतलं आणि मी काय म्हणते ते विचारलं.

वारसाच्या प्रतिज्ञापत्रात "याव्यतिरिक्त अन्य वारस नाहीत" असं शपथेवर लिहून द्यावं लागतं. दोन बहिणी असताना असं लिहिणं म्हणजे सरळ खोटी शपथ. शिवाय हिस्सा त्यांचा आहेच. लोक नेहमी वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीचं नाव काढतात, पण आमच्या बाबतीत तिथवर जायचीही गरज नाही. वाडा आजोबांनी १९६१ साली स्वतःच्या कमाईतून घेतला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम ८ प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी ही मुलाच्या बरोबरीची वारस आहे, आणि तेही कायदा आला तेव्हापासून. आत्यांना कुणी नवीन काही देत नाही. १९९४ सालीच त्यांचं झालेलं कागदावर आणायचं आहे.

बाबा म्हणाले, "सातही नावं घाल." विषय संपला.

२ जून

मृत्यू दाखले गोळा झाले. सगळ्यात वेळ गेला तो धाकट्या आत्याच्या नावापायी. माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं, आणि पुण्याच्या मृत्यू दाखल्यावर सासरचं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, यासाठी तिचा शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची पत्रिका आणि आतोबांचं प्रतिज्ञापत्र लावलं. घरात जुनी लग्नपत्रिका सापडली तर फेकू नका. आमच्या फाईलमध्ये तिने मोठं काम केलं.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण पुष्कळांना माहीत नसते: शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. तरीही टायपिंगवाले सवयीने स्टॅम्प पेपर आणायला सांगतात.

वारस नोंदीचा अर्ज नगर भूमापन कार्यालयाकडे दिला.

२१ जून

हितसंबंधितांना नोटिसा निघाल्या. हरकतीला पंधरा दिवसांची मुदत. बाबा रोज पोस्टमनची वाट पाहतात. हरकत कोण घेणार आहे! पण काळजी असतेच.

११ जुलै

हरकत आली नाही. नोंद मंजूर झाली. नवीन मिळकत पत्रिकेवर एकाखाली एक सात नावं. मी मोठ्या आत्याला फोटो पाठवला. तिने फोन करून विचारलं, "माझंच नाव ना ते तिसरं?" मग थोडा वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही.

ही ताजी पत्रिका बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत जाईल. अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतली असावी लागते, त्यामुळे आता पुढची कामं रेंगाळू द्यायची नाहीत. मोजणीचा अर्ज आजच भरला, तातडीच्या दराने.

२० जुलै

पाऊस धरून आहे. कृष्णा आणि कोयना दोन्हींचं पाणी चढतंय. आज पूररेषेच्या कागदासाठी पाटबंधारे विभागात गेले होते.

आमच्या भागात हे कळल्याशिवाय कुणी जोत्याची उंची ठरवू नये, म्हणून सविस्तर लिहिते. नदीच्या दोन रेषा असतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे नवं घर बांधता येत नाही; उद्यान, वाहनतळ, ओटेवजा भाजी मंडई अशा मोजक्याच गोष्टी चालतात. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवं.

आमची मिळकत निळ्या रेषेच्या बरीच बाहेर आहे, पण लाल रेषा गल्लीच्या बाजूचा कोपरा कापून जाते. दाखल्यात लाल रेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिली आहे. तो आकडा इंजिनियर आता जागेवर लेव्हल लावून भिंतीवर उतरवतील. कोपराच आत येतो, म्हणून पुढच्या बाजूला एक जोतं आणि मागे दुसरं ठेवता आलं असतं. बाबांनी ते नाकारलं. २००५ आणि २०१९ ला त्यांनी संगमाकडून चढणारं पाणी पाहिलं आहे. सगळं जोतं एकाच उंचीवर, वरच्या पातळीला.

३० जुलै

धोंड्याचा महिना. यंदा श्रावणच अधिक आला, त्यामुळे मोठी आत्या आणि तिचे यजमान विट्याहून आले, आतेबहीण जावयांना घेऊन पुण्याहून. अनारसे आणि पुरणाचे धोंडे झाले, वाण दिलं. जेवणं उरकल्यावर ओटीवर सतरंजी टाकून मी कच्चा नकाशा पसरला.

सगळ्या सहधारकांच्या संमतीपत्रावर सह्या घ्यायच्या होत्या. संमतीपत्रात मी तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या: अर्ज कुणी करायचा, खर्च कुणी किती द्यायचा, आणि परवानगी मिळाली म्हणून कुणाचाही हिस्सा कमी-जास्त होणार नाही. तिसरी ओळ वकिलांनी अनावश्यक म्हटली होती. मी ठेवली.

मोठ्या आत्याने सही करण्याआधी चष्मा लावून नकाशा वाचला. बोट ठेवत ठेवत विचारलं, "हा चौक. हे माजघर. मग आड कुठाय?"

आड नकाशात नव्हता. चौकाच्या ईशान्य कोपऱ्यात फरशी टाकून तो बंद केला, त्याला आता चाळीस वर्षं झाली असतील. इंजिनियरना जमिनीवर काही दिसलं नाही, आणि आमच्या पिढीला तो ठाऊकच नव्हता. आत्या उठली, चौकात गेली, कोपऱ्यातल्या एका फरशीवर टाच आपटली. पोकळ आवाज आला. तिने हाताने परीघ दाखवला, रहाट कुठे होता ते दाखवलं, आणि पाणी किती हातांवर लागायचं तेही सांगितलं. पाया खोदताना हे अचानक निघालं असतं तर कॉलम बरोबर त्याच्या तोंडावर आला असता.

इंजिनियरना लगेच फोन केला. आड जागेच्या नकाशावर दाखवायचा, कॉलमची जागा हलवायची. ५०० चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. आमचा त्याहून लहान. तरीही गच्चीचं पाणी गाळून आडात सोडायचं ठरलं. शहरात भुयारी गटार असल्याने सेप्टिक टँक आणि शोषखड्डा करायचा नाही. तो असता तर आडात पाणी सोडण्याचा विचारही केला नसता. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान १८ मीटर लांब असावा, असं भारतीय मानक सांगतं, आणि एवढं अंतर गावठाणातल्या वाड्यात मिळत नाही.

आत्याने मग सही केली. पूर्ण नाव, सावकाश, शाळेत शिकवतात तशा अक्षरात.

२२ ऑगस्ट

आज मोजणी. लगतच्या कब्जेदारांना आधीच नोटिसा गेल्या होत्या, त्यामुळे पूर्वेचे आणि दक्षिणेचे दोघेही शेजारी हजर होते. मी मुद्दाम दोघांच्याही घरी आदल्या दिवशी जाऊन आले होते. सरकारी नोटीस एकटीच दारात गेली की माणूस धास्तावतो.

भूकरमापकांनी गल्लीच्या टोकाच्या जुन्या खुणेवरून सुरुवात केली. प्रश्न पूर्वेच्या भिंतीचा होता. आजोबांच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना "पूर्वेस सामाईक भिंत" एवढंच आहे. हद्द भिंतीच्या आमच्या अंगाने, पलीकडच्या अंगाने की मधून? शेजारच्या आजोबांनी आपलं १९५० च्या दशकातलं खत आणलं होतं. त्यातही तेच शब्द, फक्त पूर्वेच्या जागी पश्चिम. दोन्ही खतं एकमेकांशेजारी ठेवून वाचली. भूमापनाच्या नकाशात रेषा भिंतीच्या मध्यातून जाते. खुणा तिथेच झाल्या, दोघांच्याही सह्या झाल्या.

शेजारच्या आजोबांची खरी चिंता वेगळी होती. आमची बाजू उतरवली की त्यांची भिंत उघडी पडणार. मी तिथेच कबूल केलं: सामाईक भिंत उतरवायची नाही, आमचे नवे कॉलम आपल्या हद्दीत स्वतंत्र घ्यायचे, आणि पाडकामाच्या वेळी त्यांच्या भिंतीला आधार द्यायचा. हे तोंडी ठेवणार नाही. नकाशासोबतच्या टिपणीत जाईल.

१२ सप्टेंबर

मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळाली. आता तीन आकडे हातात आहेत. खरेदीखत: ४० फूट गुणिले ८६ फूट, म्हणजे ३,४४० चौरस फूट, म्हणजे ३१९.६ चौरस मीटर. मिळकत पत्रिका: ३२१.४. मोजणी: ३१७.९.

पत्रिकेचा आकडा मोठा आहे, तो धरा, असं घरात एकाने म्हटलं. तसं चालत नाही. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात तिच्यात, क्षेत्राच्या तक्त्यात मालकीच्या कागदाप्रमाणे, मोजणीप्रमाणे आणि जागेवर असे तिन्ही आकडे लिहायचे असतात आणि त्यांतला सर्वांत कमी धरायचा असतो. म्हणून ३१७.९. यावरच चटईक्षेत्र, म्हणजे किती बांधता येईल ते, आणि यावरच शुल्क. फरक लपवायचा नाही, तिन्ही आकडे जसेच्या तसे मांडायचे. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना अधिक सुटसुटीत पद्धत आहे. आमचा थोडक्यात वर जातो.

२८ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. मिरवणुकीमुळे दुकानं बंद. दादाचं मुखत्यारपत्र कुरियरने आलं. अमेरिकेतल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं. परदेशात केलेला दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, म्हणून पाकिटावरच्या पोचतारखेसकट पाकीट जपून ठेवलं. दादाने सर्वाधिकार देतो म्हटलं होतं. मीच त्याला विशेष मुखत्यारपत्र करायला लावलं: फक्त या मिळकतीच्या बांधकाम परवानगीपुरतं, विक्रीचा अधिकार वगळून. विश्वास आहे म्हणूनच कागद नेमका असावा.

९ ऑक्टोबर

गल्लीची रुंदी ३.६ मीटर भरली. जुन्या दाट वस्तीत ४.५ मीटरपेक्षा अरुंद गल्ली असेल तर तिच्या मध्यापासून २.२५ मीटर सोडून बांधायचं असतं. म्हणजे आमच्या दर्शनी बाजूने ०.४५ मीटरची पट्टी जाते. रुंदी ४० फुटांची, तेव्हा साधारण साडेपाच चौरस मीटर. मला हे गेल्याचं वाईट वाटत नाही. २०१९ च्या पुरात या गल्लीत रुग्णवाहिका वळली नव्हती.

अडचण शिंपीकाकांच्या दुकानाची. दर्शनी खोलीत ते आजोबांच्या काळापासूनचे भाडेकरू. पट्टी नेमकी त्यांच्या दुकानातून जाते. त्यांना जेवढी जागा आज आहे तेवढीच नव्या इमारतीत तळमजल्यावर दर्शनी बाजूलाच द्यायची, असा करार नोंदणी करून घेतला, आणि नकाशात त्या गाळ्यावर "विद्यमान भाडेकरू" असं लिहिलं. जोतं उंच होणार, तेव्हा दुकानाला पायऱ्या येतील. त्यांच्या पायाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाजूने उतार घेतला. त्यांनी विचारलं, "कटिंगचं टेबल बसेल ना?" टेबल मोजून नकाशात रेघेने काढून दाखवलं.

२६ ऑक्टोबर

अंतिम नकाशे पाहिले. रंगांचा नियम असा: भूखंडाची हद्द जाड काळी, नवं बांधकाम लाल, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक, पाणीपुरवठा बारीक काळा तुटक, आणि पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी. आमच्या जागेच्या नकाशात ओटी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, सगळं पिवळं. बाबा पुष्कळ वेळ तो कागद हातात धरून बसले. मग त्यांनी एवढंच विचारलं, देवघर नव्या घरात कुठल्या बाजूला आहे. पूर्वेलाच आहे. आड निळ्या वर्तुळात, "विद्यमान विहीर, पर्जन्यजल पुनर्भरणासाठी" अशा अक्षरांसह.

बाकीचे कागद: स्ट्रक्चरल इंजिनियरचं प्रमाणपत्र, भूकंपरोधक रचना आयएस १८९३ प्रमाणे, देखरेखीचं पत्र, घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला. घरपट्टीच्या उताऱ्यावरही आजोबाच होते. तो बदलही करून घेतला. सातही नावं प्रत्येक कागदावर त्याच क्रमाने, त्याच शुद्धलेखनात. मी एकेक कागद मिळकत पत्रिकेशी अक्षर लावून तपासला. आतेबहिणीच्या नावातला एक ऱ्हस्व-दीर्घ संमतीपत्रात वेगळा होता, तो कागद बदलला.

३ नोव्हेंबर

ऑनलाइन प्रणालीवर अर्ज दाखल. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४४ खालचा अर्ज. टोकन क्रमांक फाईलच्या पहिल्या पानावर लिहिला. मूळ कागदांची फाईल, स्कॅन केलेली प्रत, आणि प्रत्येक कागद कुठून, कधी मिळाला याची यादी, तिन्ही तयार आहेत. या कायद्याच्या कलम ४५ मध्ये निर्णयासाठी ६० दिवस आहेत. प्राधिकरणाने काही माहिती मागवली तर उत्तर दिल्यापासून ते दिवस मोजायचे. मुदत उलटली की परवानगी मिळाली असं मानायची तरतूद आहे, पण नकाशा नियमांत बसत असेल तरच. ते ऐकून कुणी पाया खोदायला घेऊ नये. लेखी परवानगी हातात आल्यावरच कुदळ.

२४ नोव्हेंबर

दिवाळीनंतर स्थळपाहणी झाली. अभियंत्यांनी पूररेषेची भिंतीवरची खूण, गल्लीची रुंदी आणि आडाची फरशी पाहिली. त्रुटी एकच निघाली: सामाईक भिंतीजवळचा पाया किती खोल जाणार, त्याचा छेद वेगळा दाखवा. रास्त मागणी आहे. शेजारच्यांच्या भिंतीला जुना दगडी पाया आहे, त्याच्या खाली आपण खोदलं तर ती बसेल. इंजिनियरनी छेद काढला, एकाच वेळी सलग खोदायचं नाही, टप्प्याटप्प्याने खोदायचं, अशी टीप घातली. त्याची एक प्रत शेजारी दिली.

१३ डिसेंबर

शुल्काचं चलन आलं. विकास शुल्क, छाननी शुल्क, आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर. शेवटच्या रकमेबद्दल घरात कुरकुर झाली. मी ती सगळ्यात आधी भरली. जे गवंडी आणि बिगारी हे घर उभं करतील त्यांच्या मुलांच्या शाळेसाठी आणि अपघाताच्या मदतीसाठी तो पैसा आहे. कंत्राटदाराला सांगून ठेवलंय: आपल्या कामावरच्या प्रत्येकाची बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी असली पाहिजे, नाहीतर उपकर भरूनही त्यांना लाभ मिळत नाही.

२९ डिसेंबर

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची लेखी परवानगी, मिळालं. मुदत एक वर्ष. तेवढ्यात काम सुरू झालं नाही तर नूतनीकरण करावं लागेल.

सातही धारकांना मंजूर नकाशाची आणि प्रमाणपत्राची एकेक प्रत पाठवायची. मोठ्या आत्याला मोठ्या आकारात छापून. शिंपीकाकांची तात्पुरती जागा समोरच्या गाळ्यात १ जानेवारीपासून. संक्रांतीनंतर पाडकाम, वरून खाली, पूर्वेची बाजू सर्वांत शेवटी. जोतं झालं की नगरपरिषदेला कळवून तपासणी करून घ्यायची, त्याआधी वर एक वीटही चढवायची नाही. हे कलम कंत्राटदाराच्या करारात आजच घातलं.

आडावरची फरशी मात्र पाडकामाआधी काढायची आहे. ट्रॅक्टर चौकात येण्यापूर्वी त्याभोवती पक्कं कुंपण हवं. उद्या सकाळी गवंडी येतायत.